छायाचित्र उरते, नाव हरवते

जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे बहुधा पेन्सिलीने लिहिलेली एखादी ओळ आढळते. ‘वाई, मे १९६२. डावीकडून माई, नाना, शेजारचे मास्तर.’ अक्षर पुसट झालेले असते, कोपरा वाळवीने खाल्लेला असतो. तरी ती ओळ त्या चित्राची साथ सोडत नाही. अल्बम फाटला, ट्रंक बदलली, घर बदलले, तरी चित्र जिथे जाईल तिथे नाव त्याच्या पाठीवर बसून जाते. संगणकावर साठविलेल्या छायाचित्रांना अशी पाठ नसते, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज आहे. तो खरा नाही. ती पाठ असते. मात्र आपण लिहिलेले नाव खरोखर त्या पाठीवरच उमटले की दुसऱ्याच कुठल्या वहीत, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही.

प्रस्तुत लेखकाला हा धडा काहीसा महाग पडून मिळाला. घरातील चारशेच्या आसपास जुनी छायाचित्रे स्कॅन करून संगणकावर घेतली होती. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तीन संध्याकाळी ती शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि पडद्यावरच्या एकेका चेहऱ्याकडे बोट दाखवून नाव सांगत गेली. छायाचित्रांची मांडणी करणाऱ्या एका प्रोग्राममध्ये ती सारी नावे भरली. दोन वर्षांनी संगणक बदलला. छायाचित्रांचे फोल्डर नव्या यंत्रावर उतरवून घेतले, सगळी चित्रे व्यवस्थित उघडली, म्हणून जुनी डिस्क पुसून टाकली. नावे मात्र एकाही चित्रावर नव्हती. ती त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या एका वेगळ्या फाइलीत होती आणि ती फाइल जुन्या डिस्कबरोबर गेली. पुन्हा विचारायला आत्या राहिली नव्हती. आज त्या चारशेपैकी फार तर साठ-सत्तर चित्रांतील माणसे आम्हांला ओळखता येतात.

छायाचित्रे सांभाळणाऱ्या आज्ञावलींविषयी लिहिताना त्यांत सोयी किती आणि पडदा किती देखणा, याचीच चर्चा अधिक होते. वरील अनुभवानंतर महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. आपण भरलेली माहिती ही आज्ञावली ठेवते कुठे?

फोल्डर कुठे अपुरा पडतो

संगणकावर छायाचित्रे लावण्याची सर्वांत परिचित पद्धत म्हणजे फोल्डर. ‘गणपती २०१४’, ‘कोकण सहल’, ‘मुंज’ अशी नावे देऊन आपण चित्रे त्यांत टाकतो. कपाटाच्या खणांसारखी ही व्यवस्था असते. तिची मर्यादाही खणासारखीच आहे: एक वस्तू एका वेळी एकाच खणात राहू शकते. मुंजीच्या दिवशी काढलेले आजीचे छायाचित्र ‘मुंज’ या फोल्डरात जाते. पुढे कधी आजीची सर्व चित्रे एकत्र पाहावीशी वाटली, तर वीस वर्षांचे फोल्डर एकामागून एक धुंडाळावे लागतात. दोन्हीकडे प्रती करून ठेवल्या, तर खरी कोणती आणि सुधारलेली कोणती हा गोंधळ सुरू होतो.

टॅग ही कल्पना या अडचणीवर उतारा म्हणून आली. टॅग म्हणजे चित्राला चिकटवलेली खूणचिठ्ठी. एका चित्राला कितीही चिठ्ठ्या लावता येतात: माणसाचे नाव, ठिकाण, प्रसंग, घर. चित्र आपल्या जागेवरून हलत नाही, त्याची प्रतही होत नाही. हवी ती चिठ्ठी मागितली की ती लावलेली सगळी चित्रे, कोणत्याही फोल्डरात असोत, समोर येतात. दोन चिठ्ठ्या एकदम मागितल्या, उदाहरणार्थ आजी आणि वाई, तर वाईला काढलेली आजीचीच चित्रे तेवढी निवडली जातात. ग्रंथालयातील पुस्तक एकाच फळीवर असते, पण लेखक, विषय आणि शीर्षक अशा तीन तालिकांतून त्याच्यापर्यंत पोहोचता येते. तसाच हा प्रकार.

चित्राची पाठ

ही चिठ्ठी चित्राच्या फाइलीतच लिहिता येते, आणि ही सोय आजची नाही. तिच्यामागे तीन वेगवेगळ्या गरजांतून आलेले तीन प्रवाह आहेत.

पहिला वृत्तपत्रांचा. वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रे यांनी १९६५ साली स्थापन केलेल्या आयपीटीसी या आंतरराष्ट्रीय परिषदेने बातम्यांबरोबर पाठवावयाच्या माहितीचे नमुने ठरविले. छायाचित्र कोणी काढले, कुठे काढले, त्यात कोण आहे, हे चित्रासोबतच संपादकाच्या टेबलावर पोहोचावे, ही त्यामागची निकड होती. नव्वदच्या दशकात फोटोशॉपने हे रकाने चित्राच्या फाइलीत लिहिण्याची सोय केली आणि वृत्तपत्रांच्या कामात ते रुळले.

दुसरा प्रवाह कॅमेऱ्यांचा. जपानमधील उद्योगसंघटनेने १९९५ साली एक्झिफ हा संकेत प्रथम प्रसिद्ध केला. चित्र टिपल्याची तारीख-वेळ, कॅमेऱ्याचे नाव, भिंगाचे छिद्र, उघडझापीचा वेग आणि सोय असल्यास अक्षांश-रेखांश अशी माहिती कॅमेरा आपणहून फाइलीत लिहितो, ती या संकेतानुसार.

तिसरा आणि आज सर्वांत उपयोगी संकेत एक्सएमपी. अडोबी कंपनीने तो २००१ साली मांडला आणि २०१२ साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. टॅग, मथळा, वर्णन, तारांकने, चेहऱ्याभोवतीची चौकट आणि त्या चेहऱ्याचे नाव हे सारे त्यात लिहिता येते. फाइलीतच लिहिणे शक्य वा इष्ट नसेल, तर चित्राच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी एक्सएमपी फाइल ठेवता येते. तिला साइडकार म्हणतात. मोटारसायकलच्या बाजूला जोडलेल्या गाडीसारखी ती मूळ फाइलीबरोबर चालते. व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या ‘रॉ’ फाइलींना सहसा धक्का लावत नाहीत, तिथे हाच मार्ग वापरतात.

मग आज्ञावलींना स्वतःची वेगळी वही कशासाठी लागते? वेगासाठी. पन्नास हजार चित्रांत एक नाव शोधायचे, तर प्रत्येक फाइल उघडून वाचण्यात बराच वेळ जाईल. म्हणून आज्ञावली सर्व चिठ्ठ्यांची एक सूची, म्हणजे डेटाबेस, तयार करते आणि शोध त्यात घेते. यात काही गैर नाही. अडचण सुरू होते ती सूचीतील माहिती फाइलीत उतरतच नाही तेव्हा. ग्रंथालयाची तालिका जळाली तरी पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव छापलेले असते. इथे मात्र पुस्तके कोरी आणि नावे फक्त तालिकेत, अशी स्थिती होते.

पिकासाचा धडा

ज्यांनी २००४ ते २०१६ या काळात संगणकावर छायाचित्रे सांभाळली, त्यांतील अनेकांच्या यंत्रावर पिकासा ही आज्ञावली होती. ती २००२ साली आली, २००४ साली गुगलने विकत घेतली आणि विनामूल्य केली. वेग, सोपेपणा आणि मूळ चित्राला धक्का न लावता सुधारणा करण्याची पद्धत यांमुळे ती घराघरांत पोहोचली. सप्टेंबर २००९ मधील ३.५ या आवृत्तीपासून ती चेहरे ओळखून त्यांना नावे देऊ लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुगलने ती बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि मार्चपासून तिच्या सुधारणा थांबल्या.

आधीच बसविलेली पिकासा त्या दिवशी बंद पडली नाही. ती चालत राहिली. परंतु यंत्रे बदलली, तसे कोणाचे काय टिकले हे दिसून आले. जेपीईजी चित्रांना दिलेले मथळे व टॅग पिकासा फाइलीतच लिहीत असे, त्यामुळे ते आजही दुसऱ्या आज्ञावलींत वाचता येतात. अल्बमांची रचना मात्र तिच्या स्वतःच्या नोंदींत होती. चेहऱ्यांची नावे पुढच्या आवृत्त्यांत चित्रात साठविता येऊ लागली, पण तो पर्याय आपण निवडावा लागे. ज्यांनी निवडला त्यांची नावे उरली. एकाच आज्ञावलीत एकाच कष्टाने भरलेल्या माहितीचा एक भाग तरला आणि एक बुडाला.

हा धोका पिकासापुरता नाही. छायाचित्रकारांत लोकप्रिय असलेली लाइटरूम आपली माहिती कॅटलॉग नावाच्या डेटाबेसात ठेवते. फाइलीत ती आपोआप उतरविण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करावा लागतो. ॲपलच्या फोटोज या आज्ञावलीत टॅग तिच्या संग्रहात राहतात आणि निर्यात करताना योग्य पर्याय निवडला तरच बाहेर पडणाऱ्या प्रतीत जातात. गुगल फोटोजवरून आपला सगळा संग्रह उतरवून घेतला, तर तिथे लिहिलेली वर्णने चित्रांत नसून सोबतच्या वेगळ्या जेसन फाइलींत येतात. यांपैकी कोणीही लपवाछपवी करीत नाही. पर्याय असतात, माहितीही दिलेली असते. आपण ती वाचत नाही, एवढेच.

डिजिकॅम: एक खुला पर्याय

या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणाऱ्या आज्ञावलींपैकी एक म्हणजे डिजिकॅम. लिनक्सवरील केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या छत्राखाली रेंची राजू यांनी २००१ साली तिची सुरुवात केली. पुढे फ्रान्समधील जिल कोलिए यांच्यासह अनेक स्वयंसेवकांनी ती वाढविली. आज ती लिनक्सबरोबर विंडोज आणि मॅकवरही चालते. ती विनामूल्य आहे आणि तिची मूळ संहिता जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली आहे. एखादी कंपनी बंद पडली वा तिचे धोरण बदलले म्हणून ती हातातून काढून घेतली जाण्याची भीती त्यामुळे कमी.

डिजिकॅममध्ये ‘अल्बम’ म्हणजे आपल्या डिस्कवरील प्रत्यक्ष फोल्डरच. ती चित्रे उचलून आपल्या गुप्त पेटीत भरीत नाही. आपण ठेवली तिथेच राहू देते आणि त्यांची सूची बनविते. ही सूची सर्वसाधारणपणे एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसात असते; फार मोठ्या संग्रहासाठी मायएसक्यूएल वापरता येते. डाव्या पट्टीत अल्बम, टॅग, तारखा, नकाशा, माणसे आणि शोध असे विभाग असतात. उजव्या पट्टीत निवडलेल्या चित्राची माहिती दिसते आणि तिथेच मथळा, वर्णन, तारे व टॅग भरता येतात. शंभर चित्रे एकदम निवडून त्यांना एकच टॅग लावता येतो, त्यामुळे काम वाटते तितके कंटाळवाणे होत नाही.

टॅग एकाखाली एक असे वृक्षासारखे रचता येतात. ‘ठिकाणे’ या मूळ टॅगखाली ‘सातारा जिल्हा’, त्याखाली ‘वाई’. वाईचा टॅग लावलेले चित्र साताऱ्याच्या शोधातही सापडते. ही रचना फाइलीत लिहिताना डिजिकॅम ती स्वतःच्या पद्धतीबरोबरच लाइटरूमसारख्या इतर आज्ञावलींना समजणाऱ्या पद्धतींनीही नोंदविते. उद्या आपण दुसरीकडे गेलो, तरी वृक्षाच्या फांद्या तुटू नयेत, ही दृष्टी त्यामागे आहे.

मात्र इथेही एक वळण सांभाळावे लागते. डिजिकॅम पहिल्यांदा सुरू करताना ती काही प्रश्न विचारते. त्यांतील एक असा: आपण दिलेली माहिती चित्रांच्या फाइलींत लिहावी की नाही? घाईत ‘पुढे’ दाबत जाणाऱ्यांचे या प्रश्नाकडे लक्ष जात नाही. ‘फाइलींत लिहावी’ हा पर्याय निवडावा. आधीच वेगळे उत्तर दिले असेल, तर सेटिंग्जमधील मेटाडेटा या विभागात टॅग, मथळे, तारे आणि चेहऱ्यांची नावे यांपुढील चौकटींत खूण करावी. त्यानंतर टूल्सखालील मेंटेनन्स या सोयीतून डेटाबेसातील सर्व जुनी माहिती एकदाच फाइलींत उतरवून घेता येते.

यंत्राला चेहरे कसे कळतात

आत्यासारखे कोणी शेजारी बसून हजारो चित्रे पाहणे शक्य नसते. इथे चेहरे ओळखण्याची सोय कामाला येते. तिचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात आज्ञावली चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधते आणि त्याभोवती चौकट आखते. दुसऱ्या टप्प्यात त्या चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करते. एकाच माणसाच्या दोन चेहऱ्यांच्या मालिका परस्परांच्या जवळ येतात, भिन्न माणसांच्या दूर राहतात. आपण काही चेहऱ्यांना नावे दिली की उरलेल्यांच्या मालिका त्यांच्याशी ताडून यंत्र सुचवते, ‘या बहुधा त्याच बाई.’ आपण होकार द्यायचा किंवा नकार.

डिजिकॅमच्या जुलै २०२० मधील ७.० या आवृत्तीत यासाठी कृत्रिम मज्जाजालांवर आधारित नवी पद्धत आली आणि अचूकता बरीच वाढली. त्यासाठी लागणारी प्रशिक्षित माहिती महाजालावरून एकदा उतरवून घ्यावी लागते. नंतरचे सारे काम आपल्याच संगणकावर चालते. घरच्यांचे चेहरे कुठल्या कंपनीच्या यंत्रावर पाठवावे लागत नाहीत, ही बाब अनेकांना दिलासा देईल.

या सोयीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. हे दोन चेहरे एकाच व्यक्तीचे आहेत, एवढेच यंत्र सांगू शकते. ती व्यक्ती कोण, हे कोणीतरी माणसानेच एकदा सांगावे लागते. शिवाय पदर पुढे ओढलेला चेहरा, अर्धे तोंड वळलेले पोर, पुसट झालेले समूहचित्र यांपुढे यंत्र अडखळते. आईच्या तरुणपणीच्या चित्रावर ते मुलीचे नावही सुचवू शकते. प्रत्येक सूचना डोळ्यांखालून घालूनच मान्य करावी.

मराठी घरातील नावांचा पेच

टॅग लावायला बसले की एक खास आपला प्रश्न उभा राहतो. घरात आपण माणसांना नात्याने ओळखतो. पण नाते सांगणाऱ्याप्रमाणे बदलते. जी एकाची आत्या ती दुसऱ्याची मावशी आणि तिसऱ्याची आजी. आज लावलेला ‘आजी’ हा टॅग तीस वर्षांनी कोणाच्या आजीविषयी आहे, हे कसे कळावे? म्हणून टॅगमध्ये पूर्ण नाव असावे. ‘ताई’, ‘बापू’, ‘अण्णा’ ही घरगुती नावे वर्णनात लिहावीत.

स्त्रियांच्या बाबतीत पेच अधिक. लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळ घरांत पूर्वी पहिले नावही बदलत असे. माहेरच्या अल्बमात ‘कुसुम’ असलेली मुलगी सासरच्या अल्बमात ‘सुमती’ होते आणि दोन वेगळ्या स्त्रिया असल्याचा भास होतो. अशा वेळी एकच टॅग ठेवून त्यात दोन्ही नावे घालावीत: सासरचे नाव आणि पुढे ‘माहेरची’ असे लिहून जुने नाव. कुठल्याही नावाने शोधले तरी ती सापडेल.

टॅग देवनागरीत लिहावेत का? अवश्य, परंतु युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपीच्या फॉण्टांत टंकलेले नाव तो फॉण्ट नसलेल्या ठिकाणी रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन बसते. युनिकोडमध्येही एक बारीक खोच आहे. ‘ॲ’ हे अक्षर एक अखंड चिन्ह म्हणून टंकता येते, तसेच ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि एकाच नावाचे दोन टॅग तयार होतात. म्हणून नाव दर वेळी नव्याने न टंकता आधीच्या टॅगांच्या यादीतून निवडावे.

आणखी एक मर्यादा जुन्या आयपीटीसी रकान्याची. त्यात एका टॅगला ६४ बाइट एवढीच जागा आहे. साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो; देवनागरीत प्रत्येक वर्ण, काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना प्रत्येकी तीन. ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ यात अशी २२ चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे ६८ बाइट झाले. हा साधा टॅग त्या रकान्यात मावत नाही आणि शेपूट कापले जाण्याचा संभव असतो. एक्सएमपीमध्ये असे बंधन नाही. म्हणून माहिती एक्सएमपीत लिहिली जात आहे ना, हे पाहावे, आणि शक्य तिथे टॅग आटोपशीर ठेवावेत.

तारीख खरी आहे का?

स्कॅन केलेल्या चित्राची तारीख ही बहुधा स्कॅन केल्याचीच असते. १९६२ सालची वाई म्हणून कालपटावर २०१० मध्ये जाऊन बसते. डिजिकॅममध्ये अनेक चित्रांची तारीख एकदम बदलता येते. नेमका दिवस ठाऊक नसेल, तर त्या वर्षाची १ जानेवारी ही तारीख देऊन ‘तारीख अंदाजे’ असा टॅग लावावा, म्हणजे पुढे कोणी ती खरी मानणार नाही.

डिजिटल कॅमेऱ्याचे घड्याळही बेभरवशाचे. बॅटरी पूर्ण उतरली की अनेक कॅमेरे मूळ तारखेवर परत जातात. अमेरिकेहून लग्नाला आलेल्या भाच्याने कॅमेऱ्याचे घड्याळ बदललेले नसेल, तर त्याच्या चित्रांत मंगलाष्टके आदल्या रात्री होतात. सर्व चित्रांची वेळ ठराविक तासांनी पुढे सरकविण्याची सोय अशा वेळी उपयोगी पडते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रांतील एक्झिफ माहिती तर पाठवतानाच गळून पडते. फाइलीच्या नावातील आकड्यांत तारीख तेवढी उरते. घरातील महत्त्वाची चित्रे एकमेकांना पाठविताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत. मग फाइल जशीच्या तशी जाते.

काही खबरदाऱ्या

फाइलीत लिहिणे म्हणजे फाइल बदलणे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण संग्रहाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी. आरंभी दहा-वीस चित्रांवरच प्रयोग करावा. नावे भरून झाल्यावर एक सोपी परीक्षा घ्यावी: त्यांतील एक चित्र पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच एखाद्या आज्ञावलीत उघडावे. तिथे आपला टॅग दिसला, तर तो चित्राच्या पाठीवर उमटला आहे. दिसला नाही, तर तो अजून वहीतच आहे. तीन संध्याकाळी वाया जाण्यापूर्वी ही पाच मिनिटांची परीक्षा घेतली असती, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

याच गुणाची दुसरी बाजूही आहे. चित्राबरोबर जाणारे नाव परक्याकडेही जाते. लहान मुलांची पूर्ण नावे आणि घराचे अक्षांश-रेखांश असलेले चित्र महाजालावर चढविण्यापूर्वी त्याची वेगळी प्रत काढून तीतील माहिती पुसावी. डिजिकॅममध्ये ही सोय आहे. मूळ चित्रातील नोंद मात्र तशीच राहू द्यावी.

सगळ्या संग्रहाला टॅग लावण्याचा संकल्प सोडून देणेच बरे. असे संकल्प सहसा दिवाळीच्या सुट्टीत सुरू होऊन भाऊबीजेला संपतात. क्रम ठरवावा. आजची चित्रे थांबू शकतात; त्यांतील माणसे आपल्याला ठाऊक आहेत. आधी जुनी कृष्णधवल चित्रे घ्यावीत, त्यांतही समूहचित्रे. कारण त्यांतील चेहरे ओळखणारी माणसे आपल्या घरात एक किंवा दोनच असतात आणि त्यांचे डोळे दरवर्षी थोडे मंद होत असतात.

आज्ञावल्या येतील आणि जातील. डिजिकॅमही कायमची राहील असे कोणी सांगू नये. पेन्सिलीची ती ओळ लिहिणाऱ्याला तरी कुठे ठाऊक होते की अल्बम बनविणारा दुकानदार उद्या असेल की नसेल? त्याने नाव चित्राच्याच पाठीवर लिहिले, एवढी काळजी घेतली. येत्या रविवारी घरातील ज्येष्ठांना शेजारी खुर्ची द्यावी, पडद्यावर एक चित्र मोठे करावे आणि विचारावे, ‘हे कोण?’ उत्तर मिळाले की ते योग्य जागी लिहावे.